खारपाणपट्ट्यातली घोडी आणि उन्हाळ्यातलं पाणी

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून वरातीसाठी घोडी आणली, हिवाळाभर ती बरी होती. एप्रिल लागला, दर्यापूरकडचं ऊन तापलं आणि आता ती दिवसाकाठी जेमतेम एक बादली पाणी पिते. लीद कोरडी, बारीक पडते. चाऱ्याला सोयाबीनचं आणि हरभऱ्याचं कुटार (मळणीतला भुसा), सोबत थोडा कडबा. गावातून सल्ले भरपूर येताहेत: गूळ घाला, बाटलीने पाजा, घामाघूम घोडीला पाणी दाखवूसुद्धा नका. अक्षय तृतीयेपासून वराती आहेत, तोवर काय करावं?

औषध नंतर. आधी घोडीजवळ जा आणि आजची तिची स्थिती बघा. वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी आणि बोटाला ओली लागली पाहिजे. अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. मग खांद्याच्या टोकावरची कातडी चिमटीत धरून सोडा. मानेवरची धरू नका, तिथली कातडी म्हाताऱ्या आणि रोड जनावरात एरवीही सैल असते आणि उगाच फसवते. कातडी लगेच सपाट बसली तर ठीक, घडी तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी बरंच कमी झालंय. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट ठेवलं की नाडी लागते. निवांत उभ्या घोडीची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हिरडी कोरडी किंवा गडद लाल, नाडी साठच्या वर, दिवसभरात लीदच नाही, घोडी पायाने जमीन उकरते, वळून वळून पोटाकडे पाहते, यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. पशुवैद्यकाला बोलवा, नाहीतर जनावरांच्या मदतवाहिनीला, १९६२ वर, फोन लावा. तो पोटशूळ असू शकतो आणि त्यात तासांना किंमत असते.

हे सगळं ठीक असेल तर आता मोजायला लागा. "एक बादली" म्हणजे नेमकं किती? कुणाची बादली १२ लिटरची असते, कुणाची २०. बादलीला आतून ऑइलपेंटने लिटरच्या खुणा करा आणि सकाळ-संध्याकाळचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कोरड्या चाऱ्यावर असलेल्या घोड्याला काम नसताना आणि हवा थंड असताना दर १०० किलो वजनामागे साधारण पाच लिटर पाणी लागतं. तुमची घोडी साडेतीनशे किलोच्या आसपासची धरली तर ते झाले १७-१८ लिटर. आपल्या उन्हाळ्यात हाच आकडा दुप्पट होतो, कामाच्या दिवशी त्याहूनही वर जातो. दुधावरच्या घोडीचा हिशेब आणखी वेगळा, तिला अंगावरच्या पिल्लाचंही प्यावं लागतं. म्हणजे तुमच्या घोडीच्या पोटात रोज किमान ३५ लिटर गेले पाहिजेत आणि जाताहेत त्याच्या निम्मे. कोरडी लीद त्यातूनच येते.

आता ती कमी का पिते? लोक म्हणतात घोडी नखरेल आहे. जनावर हट्टाने तहानलेलं राहत नाही. उन्हाळ्यात बऱ्याचदा त्याला तहान लागतच नाही, आणि याचं कारण घामात आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. घाम गेला की आपल्या रक्तात मीठ दाट होतं, मेंदूला ते कळतं आणि घसा कोरडा पडतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना थोडा जास्तच खारट असतो. एका लिटर घामात सुमारे १० ग्रॅम क्षार जातात. पाणीही गेलं आणि मीठही गेलं, त्यामुळे रक्तातलं मिठाचं प्रमाण जिथल्या तिथे राहतं आणि तहानेची घंटा वाजत नाही. अंगावर झूल, भोवती डीजे आणि लायटिंग, घामाने निथळलेली घोडी बादलीत तोंड बुडवते आणि वर काढते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आतून ती कोरडी पडलेली असते, फक्त तिला ते कळत नाही.

म्हणून माझ्याकडचा पहिला उपाय मीठ. साधं मीठ, खाण्यातलं. साडेतीनशे किलोच्या घोडीला बसल्या दिवशी २० ग्रॅमच्या आसपास, घाम निघाला त्या दिवशी ४० ते ६० ग्रॅम, तेही एकदम न देता दोन-तीन वेळच्या खुराकात वाटून. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा मोजून घ्या आणि त्या मापाची एक वाटी ठरवून टाका. सुरुवात पाच-दहा ग्रॅमने करा, नाहीतर ती खुराकच टाकून देईल. सैंधवाचा खडा गव्हाणीजवळ टांगला तर उत्तम, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. गाईची जीभ खरखरीत असते, ती खडा चाटून झिजवते. घोड्याची जीभ मऊ, त्याला त्यातून हवं तेवढं मीठ मिळतंच असं नाही.

आणि इथे थांबा, कारण तुम्ही राहता खारपाणपट्ट्यात. मिठाचा हा सल्ला वरुड किंवा परतवाड्याच्या माणसाला मी डोळे झाकून देईन, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूरकडच्या माणसाला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल मुळातच खारट आहे. तुमच्या विहिरीत वा बोअरमध्ये लिटरला दोन ग्रॅम क्षार असतील तर ३० लिटर पाण्यातून घोडीच्या पोटात ६० ग्रॅम क्षार आपोआप जातात. सगळं खाण्याचं मीठ नसतं, बाकीचेही क्षार असतात, पण त्यावर आणखी ५० ग्रॅम मीठ चारणं म्हणजे तिच्या मूत्रपिंडावर ओझं. तेव्हा आधी पाणी तपासा, मीठ मग.

टीडीएस मीटर, म्हणजे एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, काही शे रुपयांत मिळतो. ज्याच्या दारात घोडा आहे त्याने तो घ्यावाच. हजाराच्या आत आकडा आला तर क्षारांची काळजी नाही. तीन हजारांपर्यंत सवयीने बहुतेक घोडे पितात, पण नव्याने आलेला घोडा आधी तोंड फिरवतो किंवा त्याची लीद पातळ होते. पाच हजारांच्या पुढचं पाणी घोड्याला देऊ नये आणि सातच्या पुढचं तर गाभण घोडीला दाखवूही नये. मीटर क्षारांचा फक्त एकूण आकडा सांगतो, त्यात नायट्रेट किती नि काय किती हे सांगत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटलीभर नमुना द्या.

तुमच्या घोडीचं कोडं माझ्या मते इथेच सुटतं. सारंगखेडा तापीच्या काठावर आहे, ती आली त्या अंगाची. हिवाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी भरपूर होतं, ऊन नव्हतं, गरजही कमी होती, म्हणून तिने निभावून नेलं. एप्रिलात पाणी तळाला गेलं की त्याच विहिरीचा खारटपणा बरेचदा वाढतो, आणि नेमकी तेव्हाच गरज दुप्पट होते. एक करून बघा: एका बादलीत विहिरीचं आणि दुसरीत नळाचं गोडं पाणी शेजारी शेजारी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी जागा बदला. ती कुठल्या बादलीकडे जाते हे दोन दिवसांत कळेल. धरणाच्या योजनेचं गोडं पाणी येत असेल तर ते घोडीच्या वाट्याला राखून ठेवा आणि विहिरीचं पाणी धुण्या-शिंपडायला वापरा. नळ दिवसाआड येतो हे मलाही माहीत आहे. दोनशे लिटरचा एक ड्रम फक्त तिच्यासाठी लावा. नळाच्या पाण्याला पावडरचा वास येत असेल तर ड्रम रात्रभर जाळी टाकून उघडा ठेवा, वास बराच उतरतो. शेततळ्यातलं पाणी पावसाचं म्हणून गोडं असतं खरं, पण एप्रिल-मेमध्ये त्यावर हिरवट-निळसर साय धरली असेल तर ते कुठल्याच जनावराला पाजू नका. त्या शेवाळात विष असू शकतं.

गोडं पाणी मिळालं तर वर सांगितलेलं मीठ बिनधास्त सुरू करा. खारट पाण्यावरच भागवायचं असेल तर वरून मीठ बंद, आणि चवीची सवय हळूहळू लावा: तीन भाग गोडं, एक भाग खारं, मग आठवड्याभरात निम्मं निम्मं. गूळ घालण्यात गैर काही नाही. बादलीत सुपारीएवढा खडा विरघळवला तरी वास आणि चव पुरते. पण गुळाचं पाणी आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतं, माश्या बसतात, म्हणून दर वेळी ताजं करा. शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच, घोडीला निवडता आलं पाहिजे. घोडी अंगाने सुटलेली, मानेवर चरबीचा गड्डा असलेली असेल तर गूळ नकोच, खुरांना धरतं.

पाण्याच्या चवीइतकाच त्याचा गरमपणा महत्त्वाचा. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं, घोडी त्याला ओठ लावून मागे सरते आणि आपण म्हणतो पीत नाही. टाकी निंबाखाली किंवा छपरीत हलवा, पाइप उन्हातून येत असेल तर पहिलं गरम पाणी वाहू द्या. ड्रमला बारदाना गुंडाळून तो ओला ठेवला तर माठासारखंच पाणी गार राहतं, खर्च शून्य. बर्फ घालायची गरज नाही, सावलीतल्या पाण्याचा गारवा पुरे. हिवाळ्यात याच्या उलट: पहाटे उघड्या हौदातलं पाणी दाताला झोंबतं, घोडे कमी पितात आणि डिसेंबर-जानेवारीत त्यातूनच लीद अडकते. तेव्हा विहिरीतून ताजं उपसलेलं कोमट पाणी द्या.

हौद दर दोन-तीन दिवसांनी घासून काढा. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर तळाशी कुटाराचा गाळ कुजतो, घोड्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. घोडी हौदात लीद टाकत असेल तर हौद उंच करा किंवा भिंतीला बादली अडकवा. दुसरं जनावर तिला हौदाजवळ फिरकू देत नाही ना, तेही बघा. बैल आणि घोडी एकाच हौदावर असले की बरेचदा घोडी शेवटी राहते आणि तोवर हौद रिकामा होतो.

आणखी एक गोष्ट खेड्यात फार घडते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. मोटरची वायर कुठेतरी सोललेली असते, अर्थिंग नसतं, आणि हौदात पडणाऱ्या लोखंडी पाइपातून किंचित करंट उतरतो. आपल्या पायात चप्पल असते, आपल्याला काही जाणवत नाही. घोडी ओल्या जमिनीवर, नालांवर उभी. पाण्याला ओठ लागताच दचकून मान झटकते, पुन्हा हळूच ओठ लावते, पुन्हा झटकते. मोटर बंद असताना पिते आणि चालू असताना पीत नाही असं दिसलं तर वायरमनला बोलवून तपासून घ्या. तो आला नाही तोवर त्या हौदाचं पाणी बंद.

घोडी पिताना एकदा शांतपणे जवळ उभे राहा. ओठ जवळजवळ मिटलेले, फक्त मध्ये फट, नाकपुड्या पाण्याच्या वर. ती ओढून पिते, लपलपत नाही. प्रत्येक घोटाला कान मागे-पुढे हलतात आणि मानेच्या डाव्या अंगाने घोट खाली सरकताना लाट दिसते. कान बघत घोट मोजता येतात. तोंड बुडवून नुसतं पाणी ढवळते, कान हलत नाहीत, तर ती पीत नाही, खेळते. तोंडात घेतलेलं पाणी पुन्हा बाहेर सांडते किंवा नाकातून येतं तर दुखणं तोंडात वा घशात आहे: दाढेची टोकदार कड, लगामाच्या लोखंडाने झालेली जखम, घशात गाठ, किंवा अडकलेला चारा. लाळ गळते, गिळता येत नाही, वागणं बदललंय अशा घोडीच्या तोंडात हात घालू नका. पिसाळ रोगाची शंका धरूनच पशुवैद्यकाला बोलवायचं.

चाऱ्याकडे या. कुटार आणि कडब्यात पाणी दहा-बारा टक्के, हिरव्या चाऱ्यात पाऊणशेच्या वर. म्हणजे १० किलो हिरवा चारा गेला की सात लिटर पाणी न पाजता गेलं. बारीक कुटार कोरडंच पोटात गेलं, वरून पाणी कमी, तर मोठ्या आतड्यात गोळा होऊन बसतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पोटशुळाचं मोठं कारण मला हेच दिसतं. कुटार निम्मं करा, लांब धाग्याचा चारा वाढवा, ओलितावर थोडी लसूणघास किंवा मारवेल लावता आली तर लावा. जे कोरडं द्याल ते पाणी शिंपडून, अर्धा तास मुरवून द्या. खुराक तर पातळच द्या: भिजवलेले हरभरे, मूठ-दोन मूठ गव्हाचा कोंडा आणि वरून पाच लिटर पाणी, पेजेसारखं. घोडी ते पाणी खुराक म्हणून पिऊन टाकते. कोंडा मात्र रोज भरमसाट नको, त्यात फॉस्फरस जास्त असतो आणि हाडांतलं कॅल्शियम मागे पडतं. उरलेला खुराक दुपारपर्यंत आंबतो, तो काढून टाका. टरबुजाच्या साली स्वच्छ धुऊन थोड्या द्यायला हरकत नाही. गाईच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, ते घोड्याला जीवघेणं आहे. "पाण्यात थोडी सुग्रास कालवा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बाटलीने पाजणं आजपासून बंद. मान वर ताणून ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. पाणी पोटात घालायचीच वेळ आली तर पशुवैद्यक नाकातून नळी घालून घालतात किंवा शिरेतून सलाइन देतात. तसंच, कोरड्या पडलेल्या आणि पाण्याला तोंडच न लावणाऱ्या घोडीच्या तोंडात इलेक्ट्रोलाइटची पेस्ट किंवा मीठ कोंबू नका. पाणी मागोमाग गेलं नाही तर ते क्षार अंगातलंच पाणी आतड्यात ओढतात.

आता वरातीचं. घामाघूम घोड्याला पाणी दिलं की तो धरतो, म्हणजे आखडतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि तिने घोड्यांचं नुकसानच केलंय. काम थांबल्यावरची पहिली काही मिनिटं घोडा सगळ्यात मनापासून पितो. तेव्हा बादली लपवली आणि तासाभराने पुढे केली तर तो निम्मंही पीत नाही. लगेच द्या, लगाम काढून द्या. तोंडात लोखंड असताना नीट ओढून पिता येत नाही. पहिली बादली अशी करा: पाच लिटर गोड्या पाण्यात ४५ ग्रॅम मीठ. हे साधारण रक्ताइतकं खारट होतं, त्याने तहान विझत नाही, उलट टिकते. ते पिऊन झालं की लगेच साधं पाणी, हवं तेवढं. तिने मिठाचं नाकारलं तर आग्रह नको, साधं द्या आणि मीठ खुराकातून. ही युक्ती घरी चार-पाच दिवस आधी करून बघा, वरातीच्या गर्दीत नवी चव दाखवू नका.

अंगावर पाणी ओतायलाही लोक घाबरतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत दमट उन्हाळ्यात घोडे गार कसे करायचे यावर बरंच काम झालं आणि तेव्हापासून तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी ओतणं हीच जगभरची रीत आहे. मान, छाती, पोट, मांड्या, सगळीकडे ओतत राहा, श्वास शांत होईपर्यंत. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर असेल, घोडी लटपटत असेल तर पाणी ओतत ओतत फोन करा. कामानंतर लघवी गडद तपकिरी, कॉफीसारखी आली तर तिला चालवू नका, स्नायू फाटल्याची ती खूण आहे. एरवी घोड्याची लघवी गढूळ पिवळी असते, त्याने घाबरायचं कारण नाही.

गाडीत चढवण्याआधी तासभर तिला चांगला चारा आणि पाणी द्या. मोठ्या आतड्यातला चारा पाणी धरून ठेवतो आणि पुढचे काही तास तेच पाणी कामी येतं. घरच्या पाण्याचे दोन कॅन आणि घरची बादली सोबत न्या. मंगल कार्यालयाच्या नळाचं पाणी तिने ओळखलं नाही तरी अडायला नको, आणि दुसऱ्याच्या घोड्याची उष्टी बादली टळते. ग्लँडर्स आणि स्ट्रँगल्स (घशाखालच्या गाठी सुजवणारा आजार) यांसारखे घोड्यांचे रोग अशाच सामाईक भांड्यांतून पसरतात, त्यात ग्लँडर्स माणसालाही होतो. लांबच्या रस्त्यावर तीन-चार तासांनी सावलीला थांबून पाणी दाखवा. वराती ठरवताना वरपक्षाला आधीच सांगून ठेवा की दर अर्ध्या-पाऊण तासाला घोडी पाच मिनिटं बाजूला घेऊन पाणी पाजलं जाईल. नाचणाऱ्यांच्या भरात ते होत नाही म्हणून बादली घेतलेला एक पोरगा सोबत हवाच, त्याचं दुसरं काम काही नाही.

नवतपा लागेल त्या दिवसांत, मे संपता संपता, दुपारच्या वराती घेऊ नका. संध्याकाळी सातनंतरचीच वेळ द्या. रात्री घरी आल्यावर झूल काढा, अंग धुवा, गव्हाणीत ओला चारा टाका आणि भरलेली बादली तशीच ठेवा. दाण्याचा खुराक लगेच नको, ती शांत झाल्यावर. सकाळी उठल्यावर बादलीतली खूण कितीवर आहे आणि लिदेचे गोळे बोटाने दाबले की सहज फुटतात का, ते बघून मगच त्या दिवशीची दुसरी सुपारी घ्यायची की नाही ते ठरवा.